दात सुंदर हवेत, पण कोणत्या किमतीला?

(पालक मेळाव्यातील भाषण)



पुढे आलेला दात, दोन दातांमधील फट किंवा पिवळे डाग यांमुळे हसताना तोंडावर हात धरणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. मुलगी लग्नाची झाली की पालकांची चिंता वाढते आणि झटपट सुंदर दातांच्या जाहिरातींकडे मन ओढ घेते. दात चांगले दिसावेत ही इच्छा मुळीच गैर नाही. परंतु कोणत्या उपायाने दाताचे काय होते, हे आधी समजून घेतले पाहिजे.

दातावरचे कठीण कवच, ज्याला एनॅमल म्हणतात, समोरच्या दातांवर जेमतेम १ मिलिमीटर जाडीचे असते. दात उगवल्यावर ते तयार करणाऱ्या पेशी उरत नाहीत. म्हणून घासून गेलेले कवच पुन्हा येत नाही. पोर्सेलिनची पातळ चकती, म्हणजे व्हेनिअर, बसवताना बहुधा हेच कवच सुमारे अर्धा मिलिमीटर घासावे लागते. ती साधारण १० ते १५ वर्षे टिकते. पुढे पुन्हा बदलावी लागते. म्हणजे विसाव्या वर्षी घेतलेला निर्णय जन्मभर खर्च मागतो.

याउलट, पडून तुटलेल्या दाताचा कोपरा कंपोझिट लावून भरता येतो. कवचाला आम्ल लावून ते किंचित खरबरीत केले तर भरण घट्ट चिकटते, हे बुओनोकोर यांनी १९५५ साली दाखवून दिले. यात दात फारसा कापावा लागत नाही. वेडेवाकडे दात तारेने सरळ होतात. त्यास दीड-दोन वर्षे लागतात, पण स्वतःचा दात शाबूत राहतो.

डागांचे कारणही शोधा. मिश्री-तंबाखूचे डाग साफ करता येतात, पण सवय सुटली नाही तर ते परत येतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. त्याचे डाग लहानपणी दात घडतानाच पडतात. कितीही घासले तरी जात नाहीत. तेथे आधी पाणी तपासून घ्यावे.

पालकहो, दंतवैद्याला तीन प्रश्न अवश्य विचारा: कवच किती घासणार? काम किती वर्षे टिकणार? न घासता होणारा उपाय आहे का? मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत कमी खर्चात सल्ला मिळतो.

आणि मुलींनो, कोणी बघायला येणार म्हणून घाईने निरोगी दात घासून घेऊ नका. पाहुणे तासाभरात निघून जातात; दात मात्र जन्मभर तुम्हालाच वापरायचे आहेत.