बास्केटबॉलचा चेंडू आणि कराराचा कागद

(संस्थेच्या वार्षिक क्रीडा-पारितोषिक समारंभात दिलेले भाषण)



क्रीडा समारंभाच्या पाहुण्याने व्यायामाचे फायदे सांगावेत, असा रिवाज आहे. ते काम येथे दरसाल कोणी ना कोणी उत्तम रीतीने करीत आलेले आहे. म्हणून मी आज निराळा विषय घेतला आहे. खेळाडूला पैसा मिळतो तो कसा, याविषयी मी बोलणार आहे. आणि उदाहरण घेणार आहे ते अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलचे.

हा खेळ आपल्याला परका नाही. मुंबईत नागपाड्याच्या वस्तीने तो पिढ्यानपिढ्या खेळला. तेथूनच पुढे आलेले अब्बास मुंतसीर भारतीय संघाचे कप्तान झाले आणि १९७० सालच्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले. पण त्या काळी आपल्याकडे चांगल्या खेळाडूची मजल फार तर रेल्वेतील अथवा बँकेतील नोकरीपर्यंत जाई. अमेरिकेतील आजचे आकडे ऐकले म्हणजे कानावर विश्वास बसत नाही. जुलै २०२४ मध्ये बोस्टन संघाच्या जेसन टेटम या खेळाडूने पाच वर्षांचा करार केला, तो सुमारे ३१ कोटी ४० लाख डॉलरांचा! असला आकडा मोबाईलवर वाचून एखादा चिरंजीव घरी विचारतो, "अब्बा, मग गणित कशाला शिकायचे?" प्रश्न उद्धट असला तरी गैरवाजवी नाही. त्याचे उत्तर द्यायचे, तर हा पैसा खेळाडूंच्या हातात आला कोणत्या वाटेने, ते पाहिले पाहिजे.

उंच माणसे अमेरिकेत पूर्वीही होती, कौशल्यही होते. पगार मात्र नव्हते. ही लीग १९४६ साली सुरू झाली. १९५४ साली बॉब कूझी या नामांकित खेळाडूने सहकाऱ्यांची संघटना उभारली, तेव्हा मालकांनी तिची दखल घेण्यासही बराच काळ टाळाटाळ केली. खेळाडू उन्हाळ्यात दुसरा कामधंदा करीत. बोस्टनचा टॉमी हाइन्सन विमा विकी. हाच हाइन्सन पुढे संघटनेचा अध्यक्ष झाला.

१४ जानेवारी १९६४ रोजी बोस्टन येथे निवडक खेळाडूंचा वार्षिक सामना व्हावयाचा होता. टेलिव्हिजनवरून तो देशभर दिसणार होता. खेळाडूंची मागणी साधी होती: म्हातारपणासाठी पेन्शन. मालक ती वर्षानुवर्षे पुढे ढकलीत होते. त्या रात्री खेळाडू कपडे बदलण्याच्या खोलीतच बसून राहिले. पेन्शनचे वचन मिळाल्याखेरीज बाहेर येणार नाही, असे त्यांनी कळविले. लॉस एंजेलिस संघाच्या मालकाने आपल्या दोघा खेळाडूंना धमकीवजा निरोप धाडला. त्याचा परिणाम उलटाच झाला; बिचकत असलेलेही ठाम झाले. टेलिव्हिजनची वेळ टळत चालली, तेव्हा लीगचे प्रमुख वॉल्टर केनेडी यांनी वचन दिले आणि सामना थोड्या उशिराने सुरू झाला. त्या खोलीत बिल रसेल होता, विल्ट चेंबरलेन होता, ऑस्कर रॉबर्टसन होता. यांपैकी एकटा कोणी रुसून बसला असता, तर त्याच्या जागी दुसरा उभा केला गेला असता.

रॉबर्टसनविषयी दोन शब्द अधिक सांगितले पाहिजेत. इंडियानापोलिस शहरात केवळ काळ्या मुलांसाठी म्हणून काढलेल्या क्रिस्पस अटक्स शाळेचा तो विद्यार्थी. त्याच्या शाळेने १९५५ व १९५६ साली राज्याचे अजिंक्यपद मिळविले. मोठेपणी तो खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष झाला आणि १९७० साली त्याच्या नावाने लीगविरुद्ध दावा दाखल झाला. तक्रार अशी की, करारातील एका कलमामुळे मुदत संपली तरी खेळाडू त्याच मालकाचा बांधील राहतो. दुसरा संघ जास्त पगार द्यायला तयार असला, तरी जाण्याची वाट जवळजवळ बंद. दाव्यात आणखीही एक गोष्ट होती. १९६७ पासून दुसरी एक लीग निघाली होती व तिच्या चढाओढीमुळे पगार वाढू लागले होते. दोन्ही लीग एक करून ती चढाओढ मिटविण्याचा मालकांचा बेत होता. दाव्याने तो बेत सहा वर्षे रोखून धरला. १९६७ साली सरासरी पगार वीस हजार डॉलरांच्या आसपास होता, तो १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत लाखावर गेला. १९७६ साली तडजोड होऊन बांधीलकीचे कलम सुटले, तोवर रॉबर्टसनची कारकीर्द संपलेली होती.

आता विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष देऊन ऐकावे, कारण ही हकीगत त्यांच्याच वयाच्या मुलाची आहे. स्पेन्सर हेवुड हा मिसिसिपी राज्यातला, लहानपणी कापूस वेचलेला मुलगा. १९६८ साली मेक्सिको ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक मिळविले. पुढच्या वर्षी, विसाव्या वर्षी, तो त्या दुसऱ्या लीगमधील डेन्व्हर संघाकडे गेला. १९७० साली त्याचा नवा करार झाला, तेव्हा वर्तमानपत्रांत १९ लाख डॉलर हा आकडा झळकला. कागद नीट तपासला तेव्हा उलगडा झाला. रकमेचा फार मोठा भाग त्याला चाळिशी गाठल्यानंतर, हप्त्याहप्त्याने मिळावयाचा होता. मालक आज थोडीशी रक्कम गुंतविणार, ती वाढत राहणार आणि त्या वाढीवर तो आकडा उभा! म्हणजे १९ लाख हा आकडा लिहिलेला खरा, पण मालकाच्या खिशातून जाणारी रक्कम त्या मानाने किरकोळ. हेवुड सिएटल संघाकडे गेला. तेथे नवी अडचण उभी राहिली. शालान्त परीक्षेनंतर चार वर्षे झाल्याखेरीज खेळाडू घ्यायचा नाही, असा त्या लीगचा नियम होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि मार्च १९७१ मध्ये त्याला खेळण्याची मोकळीक मिळाली.

हे मी मुद्दाम विस्ताराने सांगतो आहे. आपल्या समाजातील किती तरी तरुण आखाती देशांत नोकरीला जातात. एजंटाने कागद पुढे केला की पगाराचा आकडा तेवढा वाचतात. खोलीचे भाडे कोण देणार, परतीचे तिकीट कोणाचे, मुदतीआधी परत आल्यास काय, हे कलम कोणी वाचतो काय? येथे बसलेल्या पालकांपैकी काही जण स्वतःच याचे उत्तर देऊ शकतील.

पुढचा टप्पा १९८३ चा. अनेक संघ तोट्यात होते. संघटनेने संघाच्या एकूण पगारावर मर्यादा मान्य केली, पण बदल्यात उत्पन्नाच्या ५३ टक्के वाटा खेळाडूंचा, असे ठरवून घेतले. १९८४-८५ साली ही मर्यादा प्रत्येक संघाला ३६ लाख डॉलर होती. २०२५-२६ साठी ती १५ कोटी ४६ लाखांवर गेली. टेलिव्हिजनचे उत्पन्न वाढले, तसा वाटाही वाढला. २०२४ साली झालेला प्रक्षेपणाचा करार अकरा वर्षांचा आणि सुमारे ७,६०० कोटी डॉलरांचा आहे. चिरंजीवांनी विचारलेले गणित हेच, टक्केवारीचे.

ही वाढ सुखासुखी झाली असे मात्र नाही. १९९८ साली मालकांनी टाळेबंदी केली. मुंबईच्या गिरण्या ज्यांनी पाहिल्या, त्यांना हा शब्द समजावून सांगायला नको. ८२ सामन्यांऐवजी ५० सामन्यांचाच हंगाम झाला आणि एका खेळाडूने जास्तीत जास्त किती घ्यावे यावरही बंधन आले. २०११ साली पुन्हा टाळेबंदी झाली आणि ५७ टक्क्यांचा वाटा पन्नासच्या आसपास उतरला.

मुलींनीही ऐकावे. २०२४ साली महिलांच्या लीगमध्ये पहिल्या क्रमांकाने निवडल्या गेलेल्या केटलिन क्लार्कचा पहिल्या वर्षाचा पगार ७६,५३५ डॉलर होता. त्याच साली पुरुषांत पहिल्या आलेल्या मुलाचा सव्वा कोटीच्या वर. महिलांच्या लीगचे उत्पन्न कमी आहे, हे खरे. पण त्या कमी उत्पन्नातही त्यांना मिळणारा वाटा पुरुषांच्या निम्म्याहूनही कमी होता. जुलै २०२५ च्या वार्षिक सामन्यापूर्वी त्या खेळाडू आमचे देणे द्या, असे लिहिलेले सदरे घालून मैदानावर आल्या. वाद पुरुषांइतक्या डॉलरांचा नव्हता, वाट्याचा होता. त्यांची बाजू मला न्याय्य वाटते.

आता मघाच्या चिरंजीवांकडे वळतो. तीस संघ, प्रत्येकी पंधरा जागा, म्हणजे साऱ्या जगासाठी जागा साडेचारशे. पंजाबातील सतनाम सिंग २०१५ साली डॅलस संघाने निवडला, भारतात जन्मलेला पहिलाच. त्याला मुख्य लीगचा एकही सामना खेळायला मिळाला नाही. तो ज्या दुय्यम लीगमध्ये खेळला, तेथे त्या वेळी मूळ पगार वर्षाला पंचवीस-सव्वीस हजार डॉलरांच्या वर नव्हता.

आणि शिकलेला माणूस फसत नाही, असेही समजू नका. करीम अब्दुल-जब्बार हे नाव आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. नामांकित विद्यापीठाचा इतिहास विषयाचा पदवीधर. त्याने पैशाचा सारा कारभार एका एजंटावर सोपविला आणि १९८० च्या दशकाच्या मध्यास त्याच्याविरुद्ध कोर्टाची पायरी चढण्याची पाळी आली. १९८६ पासून नव्या खेळाडूंना हंगामापूर्वी काही दिवस वर्गात बसवून पैशाचे व्यवहार शिकविले जातात. सहा-सात फूट उंचीचे ते तरुण बाकावर बसून हिशोब शिकतात.

बक्षिसांसाठी मुले केव्हापासून ताटकळली आहेत. मी आपली रजा घेतो.