वेशीवरचे राखणदार



पोळ्याला गावचे बैल जमतात ते वेशीपाशी. तोरण बांधतात तेही तेथेच. लग्नाला आलेला नवरदेव आधी मारुतीच्या पारावर टेकतो, मग मांडवात येतो. एखाद्याची अब्रू घालवायची, तर तीसुद्धा वेशीवरच टांगायची! पुष्कळ गावांतली वेस आता पडून गेली, गावकुसाचे दगड कोणाच्या गोठ्याच्या पायात गेले. बोलण्यात मात्र वेस शिल्लक आहे. ह्या वेशीबद्दल आणि तिच्यावर बसविलेल्या दगडी राखणदारांबद्दल आज थोडे बोलायचे आहे.

तट कितीही जाड असो, त्याला कोठेतरी वाट ठेवावीच लागते. शेतावर जायचे, पाणी आणायचे, बाजाराचा माल आत घ्यायचा. म्हणजे तटाची सर्वांत कच्ची जागा कोणती, तर दरवाजा. बांधणाऱ्यांना हे पक्के ठाऊक होते, म्हणून आपली सगळी अक्कल त्यांनी तेथेच खर्च केली. दोन्ही अंगांना बुरूज, आत पहारेकऱ्यांच्या देवड्या, हत्तीने धडक देऊ नये म्हणून दाराच्या फळ्यांवर अणकुचीदार खिळे, मागे आडवा अडसर, आणि मोठे दार न उघडता एकेक माणूस आत घेता यावा म्हणून लहानशी दिंडी. आपल्या जिल्ह्यात मलकापूरला अशी घडीव दगडांची तटबंदी होती. पाच दरवाजे आणि अठ्ठावीस बुरूज होते, अशी जुन्या गॅझेटियरात नोंद आहे. सिंदखेडराजाला लखुजी जाधवांच्या वाड्याचे भव्य प्रवेशद्वार आजही उभे आहे. जिजाबाईंचा जन्म ह्याच वाड्यातला.

पण लाकूड, लोखंड आणि दगड एवढ्यावर माणसाच्या मनाची खात्री होत नाही. रात्री दार लावले तरी धाकधूक राहतेच. मग वेशीवर राखणदार येतो. गावात तो शेंदूर लावलेला मारुती असतो, देवळाच्या चौकटीवर द्वारपाल, किल्ल्यावर शरभ किंवा सिंह.

ही कल्पना फार जुनी आहे, आणि एकट्या आपल्या देशाची नाही. आजच्या तुर्कस्तानात बोगाझकोय म्हणून गाव आहे. तेथे सुमारे तीन हजार तीनशे वर्षांपूर्वी हिटाइट नावाच्या लोकांची राजधानी होती, हत्तूशा. ह्या लोकांची भाषा संस्कृतच्या दूरच्या नात्यातली. पाण्याला ते 'वातर' म्हणत. त्यांनी मितन्नी राजाशी केलेल्या तहाच्या विटा १९०६-०७ च्या उत्खननात सापडल्या. त्या तहाला साक्षी म्हणून इतर देवांबरोबर मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य ह्यांची नावे आहेत! शिक्षक मंडळींनी इतिहासाच्या तासाला हे जरूर सांगावे. मुले कान टवकारतील.

ह्या शहराच्या तटाला एक सिंहदरवाजा आहे. चौकटीच्या दोन प्रचंड शिळा, आणि त्याच शिळांतून बाहेर झेपावणारे दोन सिंह. आयाळ बारकाईने कोरलेली, तोंड उघडे. मूर्ती घडवून नंतर आणून ठेवलेली नाही. दरवाजाचा दगड तोच सिंह झाला आहे. डोळ्यांच्या खोबणी आता रिकाम्या आहेत, त्यांत पूर्वी वेगळ्या रंगाचे डोळे बसविलेले असत. दुसऱ्या एका दरवाजावर माणसापेक्षा उंच असा शस्त्रधारी वीर कोरला होता. त्याचे तोंड शहराच्या बाहेर नसून आत होते. बाहेर पडणाऱ्याला तो दिसे. पहिल्या संशोधकांना तो राजा वाटला, म्हणून 'राजाचा दरवाजा' हे नाव पडले. आता त्याला देव मानतात. मूळ शिल्प अंकाराच्या संग्रहालयात आहे आणि जागेवर त्याची प्रतिकृती.

आणि बरे का, एवढे देव आणि सिंह असूनही कारभारी गाफील नव्हते. संध्याकाळी दरवाजे बंद करून अडसरावर मोहोर लावायची, सकाळी ती मोहोर शाबूत आहे ना हे पाहून मगच दार उघडायचे, अशी नगराधिकाऱ्याला लेखी ताकीद होती. आपल्याकडे हे काम वेसकराचे. ते बहुतेक गावी महार वतनदाराकडे असे. संध्याकाळी वेस लावायची, सकाळी उघडायची, परक्या माणसाची विचारपूस करायची. सारे गाव ज्याच्या भरवशावर झोपे, त्याचे स्वतःचे घर मात्र वेशीच्या बाहेर, महारवाड्यात. सिंहाचे कौतुक करताना ह्या राखणदाराला आपण विसरतो, ते बरे नाही.

हत्तूशाजवळच अलाजा ह्यूयुक नावाच्या ठिकाणी आणखी एक दरवाजा आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना स्त्रीमुखी सिंह, आणि एकाच्या अंगालगत कोरलेला दोन तोंडांचा गरुड. त्याच्या दोन पंजांत दोन ससे. आता आपल्या वऱ्हाडात या. चिखलदऱ्याच्या गाविलगड किल्ल्यावर दरवाजाच्या माथ्यावर गंडभेरुंड कोरला आहे. तोही दोन तोंडांचा पक्षी, पण त्याने धरले आहेत हत्ती! इमादशाहीचा संस्थापक फत्तेउल्ला इमादुल्मुल्क ह्याने १४८८ मध्ये ह्या किल्ल्याचे काम केले. तो मूळचा विजयनगरकडचा कानडी हिंदू. लहानपणी बहामनी फौजेच्या हाती सापडला, मुसलमान झाला आणि वऱ्हाडचा सुभेदार बनला. गंडभेरुंड हे विजयनगरचे आवडते चिन्ह. धर्म बदलला, मुलूख बदलला, तरी लहानपणी पाहिलेला पक्षी त्याने आपल्या दरवाजावर आणून बसविला असावा, असे मला तरी वाटते. तुर्कस्तानातल्या गरुडाचे आणि ह्या पक्ष्याचे नाते जुळविण्याची घाई मात्र करू नये. मधली वर्षे अडीच हजारांहून अधिक आहेत.

ह्या राखणदारांचा उपयोग झाला काय? १७६१ मध्ये मलकापूरकरांनी रघुनाथराव पेशव्यांच्या फौजेला साठ हजार रुपये मोजले आणि लूट टाळली. गाविलगडावर १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांनी तोफांनी बाहेरच्या तटाला खिंडार पाडले. आतल्या तटाला काही शिपाई शिड्या लावून चढले आणि त्यांनी आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. हत्तूशाची गोष्ट निराळी. इसवी सनापूर्वी १२०० च्या सुमारास ते शहर ओस पडले. पुढे काही भाग जळलाही, पण त्याआधीच राजा आणि दरबार निघून गेलेले दिसतात. जुन्या लाकडांतली वर्तुळे मोजून २०२३ मध्ये संशोधकांनी दाखविले, की इ. स. पू. ११९८ ते ११९६ ही तीन वर्षे तेथे लागोपाठ भयंकर अवर्षणाची गेली. वऱ्हाडातल्या कास्तकाराला ह्याचा अर्थ समजावून सांगायला नको. कोठारात दाणा नसला, तर वेशीवर सिंह बसून काय करणार?

तेथल्याच दोन स्त्रीमुखी सिंहांना १९१७ मध्ये दुरुस्तीसाठी बर्लिनला नेले. एक १९२४ मध्ये परत आला. दुसऱ्याला घरी यायला २०११ साल उजाडले.

शिक्षकांना एक विनंती. मुलांना घेऊन जवळच्या कोणत्याही जुन्या दरवाजापाशी जा आणि त्यांना आतल्या बाजूने उभे करा. दाराचा खुंट ज्या खळग्यात फिरे तो खळगा, अडसराचे भोक आणि देवडीतली पहारेकऱ्याच्या पाठीने गुळगुळीत झालेली भिंत मुलांनाच शोधू द्या.