कोंड्यातलं तेल

महाड-पोलादपूरकडच्या आम्ही बायका भात भरडून आणतो. तांदूळ घरात ठेवतो नि कोंडा गुरांना घालतो. याच कोंड्याचं 'राइस ब्रान' तेल दुकानात पिशवीतून मिळतं. मग घरीच का काढू नये? कोंड्यात तेल शंभरात 15 ते 20 भागच, आणि भरडल्यावर कोंडा लवकर खवट होतो. म्हणून कारखान्यात ताज्या कोंड्याचंच तेल काढून शुद्ध करतात.

तेल चांगलं आहे. तापवल्यावर लवकर धुरावत नाही. त्यातलं ओरायझेनॉल कोलेस्टेरॉल कमी करायला थोडी मदत करतं. पण म्हणून सढळ हाताने ओतू नका. चरबी शेंगदाणा तेलाइतकीच. माणशी महिन्याला अर्धा लिटर पुरे, म्हणजे पाच माणसांच्या घराला अडीच लिटर. आम्ही आता पळीने नाही, चमच्याने मोजतो. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवत नाही.

आणि तांदूळ पांढराशुभ्र सडून आणू नका. एकसडी तांदळावर थोडा कोंडा राहतो, त्यातलं ब जीवनसत्त्व पोटात जातं. त्याला पैसे पडत नाहीत. कोंड्याचा मांडा करायचा, तो असा!