रागाचा जमाखर्च

(परभणी येथील व्याख्यानाचा मजकूर)



डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात एक आगळा मोर्चा निघाला. मुंडावळ्या बांधलेले अविवाहित तरुण घोड्यांवर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर गेले. लग्नाला मुली मिळत नाहीत, ही त्यांची तक्रार. अनेकांनी या प्रसंगाची मौज केली. परंतु परभणी जिल्ह्यातील गावच्या पारावर बसणाऱ्याला त्यात हसण्याजोगे काही आढळणार नाही. ‘पोरी शिकल्या, माजल्या, त्यांना नोकरीवालाच हवा,’ असे तेथे सर्रास बोलले जाते. आणि त्याच गावच्या रानात, कापूस वेचणाऱ्या बायकांच्या तोंडी पुरुषजातीविषयी तितकेच कडवट शब्द असतात.

हा राग दोन्हीकडे खरा आहे. प्रश्न एवढाच, की तो कोणाच्या खाती मांडावयाचा?

सोलापूरच्या तरुणांनी एक मागणी मोठ्या मार्मिकपणे केली होती : गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याची कडक अंमलबजावणी करा. असा कायदा महाराष्ट्राने १९८८ सालीच, देशात सर्वप्रथम, केला. तरीही २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या एक हजार मुलग्यांमागे राज्यात ८९४ आणि परभणीला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात अवघ्या ८०७ मुली उरल्या होत्या. मुलगी नको म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांचे कर्ज त्यांचेच मुलगे आज फेडीत आहेत.

परंतु हा निम्माच हिशेब झाला. जी मुलगी जन्मली, वाढली, शिकली, ती शेतकऱ्याचे घर का नाकारते? तिने आईचे आयुष्य पाहिलेले असते. निंदणी-खुरपणी आईची, वेचणी आईची. सातबाऱ्यावर नाव मात्र बापाचे. गंगाखेड, सोनपेठकडून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांची तर गणतीच ‘एक कोयता’ अशी होते. राबणारी माणसे दोन, कोयता एक. आणि मुकादमाकडून उचल घेणारा हात बहुधा नवऱ्याचा. मुलीचा नकार हा माज नव्हे. तो या व्यवहारावर दिलेला निकाल आहे.

पुरुषाची बाजूही पाहिली पाहिजे. त्याला लहानपणापासून ‘कर्ता’ म्हणून वाढविले जाते. पण कापसाचा भाव त्याच्या हाती नाही, पाऊस नाही, सावकाराचे व्याजही नाही. कर्तेपण नावापुरते उरले, की ते सिद्ध करण्याची एकच जागा शिल्लक राहते : घर. बाजारात हरलेला पुरुष घरात जिंकू पाहतो. काही जण तो राग स्वतःवरच काढतात. आणि कर्ता गेल्यावर पत्नीला कळते, की ज्या जमिनीत ती राबली तिच्या कागदावर ती कोणीच नव्हती.

मग पिचलेल्या पुरुषाला दोष का द्यावा, असे काही जण विचारतात. स्वतः पिचलेला असणे हा दुसऱ्याला पिचण्याचा परवाना नव्हे, हे त्याचे उत्तर. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली, ती याच संतापातून. जे दोष दोघांतही आहेत ते एकट्या स्त्रीच्या माथी का मारता, हा त्यांचा सवाल होता. त्यांच्यावर टीकेची झोड उठली. तेव्हा जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली आणि स्वतःच्या चळवळीतील पुरुषांचीही भीड ठेवली नाही. ताराबाईंचे दुसरे पुस्तक मात्र आले नाही. स्त्रीच्या रागाला समाजाने दिलेले उत्तर ते हे मौन!

लोहियांच्या सप्तक्रांतीत स्त्री-पुरुष समतेला पहिले स्थान आहे. समाजवाद्यांच्या घरांत ते कितवे आहे, हे ज्याचे त्याने तपासावे. शरद जोशींच्या खुल्या बाजाराच्या विचाराशी समाजवाद्यांचे पटणे शक्य नव्हते. तथापि त्यांच्या लक्ष्मीमुक्ती आंदोलनाने शेतकऱ्यांना पत्नीच्या नावे जमीन करून द्यावयास लावले, हे मोठ्या मनाने मान्य केले पाहिजे. तेथे उपदेशाने नव्हे, तलाठ्याच्या दप्तरातील नोंदीने समता एक पाऊल पुढे गेली.

तेच काम पुरे करावयाचे आहे. सातबाऱ्यावर तिचे नाव यावे, उचलीतील तिचा वाटा तिच्याच हाती पडावा आणि चुलीचे काम दोघांचे व्हावे. एवढ्याने राग संपणार नाही. परंतु मालक आणि दासी यांच्यातील राग जाऊन दोन बरोबरीच्या माणसांतील भांडण उरेल. आणि बरोबरीच्यांचे भांडण मिटू शकते.