मुर्डीचा विद्यार्थी केंब्रिजमध्ये

दापोली तालुक्यातील मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९६ साली सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले. परत येऊन डेक्कन एज्युकेशन सोसायटीची सेवा करीन, असा शब्द त्यांनी निघण्यापूर्वीच दिला होता.

गणिताची ट्रायपॉस परीक्षा ही त्या काळी साऱ्या इंग्लंडच्या कुतूहलाची चढाओढ असे. पहिल्या वर्गात येणाऱ्यांस ‘रँग्लर’ आणि त्यांतील अग्रेसरास ‘सीनियर रँग्लर’ म्हणत. सेनेट हाऊसमध्ये खाली विद्यार्थ्यांची दाटी, वर सज्जातून एकेक नाव क्रमाने वाचले जाई. कोणाचा क्रमांक कितवा, हे असे चारचौघांत पुकारणे निष्ठुरच. १९०९ नंतर ती चाल बंद पडली, हे बरे झाले. १८९९ साली अग्रस्थानी दोन नावे जोडीने आली, बर्टविसल आणि परांजपे. हा मान मिळविणारे परांजपे पहिलेच भारतीय.

पुढे १९०१ साली त्यांना कॉलेजची फेलोशिपही मिळाली. तिकडील मानाचा मार्ग मोकळा होता; परंतु शब्द फेडावयाचा राहिला होता. ते पुण्यास परतले, आणि १९०२ साली फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले.