वेदना सोसावी की शमवावी? : उतारवयातील अर्धशिशी आणि नर्व्ह ब्लॉक

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील आरोग्यविषयक व्याख्यान)





संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात ज्येष्ठांच्या आरोग्याविषयी बोलण्याची संधी दिलीत, याबद्दल विश्वस्त मंडळाचा मी ऋणी आहे. आपल्या परंपरेने चार दानांत औषधदानाला स्थान दिले आहे. औषधाविषयीचे योग्य ज्ञान पोहोचविणे हाही त्या दानाचाच अंश, या भावनेने मी हा विषय निवडला.

पुढील दृश्य अनेक घरांत परिचित असेल. आजी अंधाऱ्या खोलीत, कपाळाला सुंठीचा लेप लावून, वर फडके घट्ट बांधून पडून आहेत. विचारले तर म्हणतात, "जुनीच अर्धशिशी आहे. असातावेदनीय कर्माचा उदय, भोगूनच संपायचा." या उत्तरामागील श्रद्धेला माझे वंदन आहे. बावीस परीषहांत रोगपरीषहाची गणना आहेच. परंतु वेदनेचे सतत चिंतन हा आर्तध्यानाचा एक प्रकार आहे, हेही तत्त्वार्थसूत्र सांगते. ज्या वेदनेमुळे सामायिकात मन स्थिरावत नाही, तिच्यावर योग्य उपचार घेतल्याने साधनेची हानी होत नाही. उलट साधनेला साहाय्यच होते.

वयोमानानुसार अर्धशिशीचे प्रमाण सामान्यतः घटते. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर विशेषत्वाने. तरीही काहींची पाठ ती सोडत नाही. तिचे रूप मात्र बदलते : प्रकाश व आवाजाचा त्रास कमी होतो, मानेचे दुखणे वाढते.

येथे एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेल्या डोकेदुखीला तपासणीवाचून अर्धशिशी म्हणू नये. कानशिलाजवळ दुखणे, तेथे स्पर्शही सहन न होणे, घास चावताना जबडा दुखणे, दृष्टी अंधुक होणे ही रक्तवाहिनीच्या दाहाची लक्षणे असू शकतात. उपचारास विलंब झाल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते. अचानक उठलेली तीव्र डोकेदुखी, बोलण्यात अडखळणे वा हातापायातील शक्ती जाणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्वरित रुग्णालय गाठावे.

निदान अर्धशिशीचे ठरले, तरी उतारवयात गोळ्यांची निवड अवघड असते. अर्धशिशीसाठी दिली जाणारी ट्रिप्टान गटातील औषधे हृदयविकार वा पक्षाघात होऊन गेलेल्यांना, तसेच आटोक्यात नसलेल्या रक्तदाबात वर्ज्य असतात. वेदनाशामक गोळ्यांनी जठरात व्रण होऊ शकतो, मूत्रपिंडावर ताण येतो. शिवाय साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, अशा तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्यास त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी जडू शकते. औषधाच्या दुकानातून परस्पर गोळी आणण्याची सवय म्हणूनच घातक आहे.

अशा वेळी नर्व्ह ब्लॉक, म्हणजे मज्जातंतू तात्पुरता बधिर करणे, हा एक पर्याय विचारात घेता येतो. मानेच्या वरच्या भागातून निघालेला एक मोठा मज्जातंतू डोक्याच्या मागील बाजूने वर चढतो. त्याच्या संवेदना आणि कपाळ-डोळ्यांकडून येणाऱ्या संवेदना, दोन वाटा एकाच चौकात मिळाव्यात तशा, मज्जासंस्थेत एकाच केंद्राशी मिळतात. त्यामुळे मागील वाट काही काळ शांत केली की पुढील वेदनाही अनेकदा ओसरते.

रुग्णाला बसवून, बारीक सुईने डोक्याच्या मागील त्वचेखाली थोडे भुलीचे औषध देतात. काम काही मिनिटांत होते. सहसा रुग्णालयात दाखल व्हावे लागत नाही. बधिरपणा काही तासांत जातो. आराम मात्र अनेकांना काही दिवस ते काही आठवडे लाभतो. अमेरिकन हेडेक सोसायटीच्या तज्ज्ञांनी या पद्धतीविषयी २०१३ मध्ये एकमताने शिफारशी प्रसिद्ध केल्या.

"हे औषध प्राणिजन्य तर नाही ना?" हा प्रश्न आपल्या समाजात स्वाभाविक आहे. दाढ काढताना दंतवैद्य वापरतात तेच लिग्नोकेन येथे बहुधा वापरले जाते. १९४३ मध्ये स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ नील्स लोफग्रेन यांनी ते प्रथम तयार केले. हे औषध रासायनिक प्रक्रियेने बनते, प्राण्यांपासून मिळवलेले नसते.

हा उपाय म्हणजे कायमची मुक्ती नव्हे. सर्वांना सारखा गुणही येत नाही. सुई टोचलेली जागा दुखणे, चक्कर येणे संभवते. म्हणून घरचे कुणी सोबत असावे. कवटीच्या मागील भागाची शस्त्रक्रिया, भुलीच्या औषधाची ॲलर्जी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांची माहिती डॉक्टरांना आधीच द्यावी. त्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. कधी भुलीच्या औषधासोबत स्टिरॉइडही देतात. अर्धशिशीत त्याचा ठळक अधिक लाभ आढळलेला नाही आणि मधुमेहींची साखर त्याने वाढू शकते. त्याविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

शेवटी तपश्चर्येविषयी. उपवास, अपुरे पाणी आणि अचानक तुटलेला चहा या तिन्हींमुळे अर्धशिशी उसळू शकते. पर्युषणात तप करण्याचा भाव असेल त्यांनी आधीपासून चहा हळूहळू कमी करावा, पाण्याची मुभा असेल तेथे उकळलेले पाणी पुरेसे घ्यावे आणि पच्चक्खाण घेण्यापूर्वी गुरुमहाराजांना व डॉक्टरांना आपला आजार मोकळेपणाने सांगावा.

तप आपण स्वेच्छेने स्वीकारतो. अज्ञानापोटी सोसलेली वेदना हे तप नव्हे. अहिंसेचा विचार करताना आपल्या घरातील वृद्धांच्या देहाला होणारी पीडाही आपण पाहिली पाहिजे. आज घरी गेल्यावर आजी-आजोबांना एवढेच विचारा, "डोके दुखते का? किती दिवसांपासून? गोळ्या किती घेता?" अनेकदा उपचाराचा आरंभ या तीन प्रश्नांतूनच होतो.

माझ्या बोलण्यात काही उणे-अधिक झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!