नाव, नोंद आणि नाते

(बुद्धविहारात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दिवसभराचे काम आटोपून चार मित्र एकत्र बसले, की त्यांच्या गप्पा कोठून निघतील आणि कोठे जाऊन पोहोचतील याचा नेम नसतो. कोणी नामांकित पुरुष निवर्तल्याची वार्ता येते. मग त्याच्या आठवणी निघतात, आठवणींतून गेलेले दिवस निघतात, कोणाचे कोणाशी जमले आणि कोणाचे मोडले हे निघते. आणि अखेरीस 'तो मूळचा कोण?' हा प्रश्न हटकून पुढे येतो. अशा गप्पांना आपण रिकामा उद्योग समजतो. मला तसे वाटत नाही. माणसाची ओळख न्यायालयात ठरण्यापूर्वी बहुधा अशा बैठकीतच ठरून गेलेली असते. ती कशी ठरते, हे एका दिवंगत पुरुषाच्या उदाहरणाने मी आपणापुढे मांडणार आहे.

3 जून 2016 रोजी अमेरिकेतील जगज्जेता मुष्टियोद्धा मुहंमद अली मृत्यू पावला. जगभर मित्रामित्रांच्या बैठकींत त्याच्या गोष्टी निघाल्या. 1974 साली किन्शासा येथे त्याने जॉर्ज फोरमनला कसे लोळविले, 1996 साली अटलांटा येथे कंपवाताने थरथरणाऱ्या हाताने ऑलिंपिकची ज्योत कशी पेटविली, हे सर्वांनी गहिवरून सांगितले. 'काय ते दिवस होते!' असे उद्गार निघाले. 'तो काळ्यागोऱ्याच्या पलीकडे गेलेला माणूस होता,' असेही पुष्कळांनी म्हटले.

ते दिवस खरोखर कसे होते, हे आपण पाहू.

हा पुरुष 17 जानेवारी 1942 रोजी केंटकी राज्यातील ल्युइव्हिल शहरी जन्मला. त्या शहरात कित्येक उपाहारगृहांत कृष्णवर्णीयांना बसू देत नसत. त्याचे जन्मनाव कॅशस मार्सेलस क्ले. हे नाव मूळचे एका गोऱ्या जमीनदाराचे. तो जमीनदार गुलामगिरीचा विरोधक होता. 1964 च्या फेब्रुवारीत सॉनी लिस्टनला हरवून हा तरुण जगज्जेता झाला आणि लगेच त्याने इस्लामचा स्वीकार जाहीर केला. जुने नाव हे गुलामीचे नाव आहे, ते मी निवडलेले नाही, असे सांगून त्याने ते टाकले.

येथे कोणी विचारील, की ज्याच्यावरून नाव आले तो गोरा मनुष्य तर भला होता. मग नाव टाकण्याचे कारण काय? आपल्याला हा प्रश्न नवा नाही. 'हरिजन' हे नावही मायेने दिले होते असेच सांगण्यात येते. परंतु 1938 साली मुंबई विधिमंडळात तो शब्द कायद्यात घालण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा बाबासाहेब व त्यांचे सहकारी निषेध म्हणून सभागृहातून उठून गेले. देणाऱ्याचा हेतू चांगला की वाईट, हा मुद्दाच नाही. दुसऱ्याने दिलेले नाव तुम्ही निमूटपणे घ्यावे, या अपेक्षेतच तुमचे कनिष्ठत्व गृहीत धरलेले असते.

आज गहिवरणाऱ्या जगाने त्या वेळी काय केले? अनेक वृत्तपत्रे कित्येक वर्षे त्याला क्ले म्हणूनच छापीत राहिली. 28 एप्रिल 1967 रोजी त्याने आपल्या धर्मश्रद्धेचे कारण देऊन व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती होण्याचे नाकारले. त्याचा परवाना गेला, अजिंक्यपद गेले आणि जून महिन्यात त्याला 5 वर्षे कैद व 10,000 डॉलर दंड अशी शिक्षा झाली. तो जामिनावर बाहेर राहिला. पण उमेदीची सुमारे साडेतीन वर्षे त्याला लढता आले नाही. 'काय ते दिवस होते' असे म्हणताना ही वर्षे हिशेबातून गळतात. गतकाळाची गोडी बहुधा अशीच तयार होते. सुख आठवते आणि दुःख ज्याचे त्याच्याकडे राहते.

28 जून 1971 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 8 विरुद्ध 0 मतांनी त्याची शिक्षा रद्द केली. वकील या नात्याने या निकालातील दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली अशी, की सैन्यसेवेतून सूट मिळण्यास तीन कसोट्या होत्या: सर्व युद्धांना विरोध, तो विरोध धार्मिक असणे आणि तो प्रामाणिक असणे. अपील मंडळाने त्याचा अर्ज फेटाळताना कोणतेही कारण दिले नव्हते. आणि पुढे सरकारी पक्षानेच न्यायालयात कबूल केले, की त्याची श्रद्धा धार्मिक आहे व प्रामाणिकही आहे. तेव्हा मंडळाने कोणत्या आधारावर नकार दिला हे कळण्यास मार्गच उरला नाही आणि शिक्षा टिकली नाही. कारण न देता दिलेला नकार हा न्याय नव्हे, हे आपण ध्यानात ठेवावे. आपला अर्ज कोणी नाकारला, तर कारण लेखी मागावे.

दुसरी गोष्ट अशी, की तो जिंकला, तरी खटल्याचे नाव 'क्ले विरुद्ध अमेरिका' असेच राहिले. कज्जा जुन्या नावाने सुरू झाला होता, म्हणून नोंद जुन्या नावाचीच राहिली. त्यामुळे तो पुन्हा क्ले झाला काय? मुळीच नाही. नोंद ही तुमच्यावर काय गुदरले त्याचा दाखला असते. नाव हे तुम्ही कोण होऊ इच्छिता त्याचा निर्णय असतो.

नवदीक्षित कुटुंबांत हा प्रश्न रोज उठतो. 'आम्ही बौद्ध झालो; मग मुलाच्या दाखल्यावर जात कशाला?' असे आई विचारते, आणि शेजारी हसून म्हणतो, 'पाहा, जात सुटली नाहीच!' त्या शेजाऱ्याला शांतपणे सांगा, की 1950 च्या आदेशाने मुख्यतः हिंदूंपुरत्या ठेवलेल्या अनुसूचित जातींच्या सवलतींत 1990 सालच्या कायद्याने बौद्धांचा समावेश केला आहे. दाखल्यातील जात ही पिढ्यानपिढ्यांच्या अन्यायाची, भरपाईसाठी लिहिलेली नोंद आहे. धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिणे हा आपला निर्णय आहे. हक्कासाठी नोंद दाखविण्यात लाज नाही, आणि नोंद आहे म्हणून निर्णय खोटा ठरत नाही.

परंतु नाव बदलले म्हणजे कार्य संपले, असे नाही. अलीच्या चरित्राचा हा भागही मित्रांच्या गप्पांतून गळतो. ज्या माल्कम एक्सने त्याला वाट दाखविली, त्याने संघटना सोडताच अलीने त्याच्याकडे पाठ फिरविली. 1964 साली घानामध्ये दोघे समोरासमोर आले, तेव्हाही त्याने मैत्री नाकारली. 21 फेब्रुवारी 1965 रोजी माल्कमचा खून झाला आणि दिलगिरी व्यक्त करण्याची वेळ कायमची निघून गेली. पुढे 2004 च्या आपल्या पुस्तकात अलीने हा पश्चात्ताप लिहून ठेवला. बंदीच्या काळात ज्या जो फ्रेझरने त्याला साहाय्य केले, त्या कृष्णवर्णीय बांधवालाच पुढे त्याने गोऱ्यांचा हस्तक म्हणून हिणविले, 'गोरिला' म्हणून त्याची टवाळी केली. 2001 साली त्याने क्षमा मागितली, पण घाव खोल होता. आणि आपले नाव निवडण्याचा हक्क मागणाऱ्या या पुरुषाचा पहिला संसार, पत्नीने कोणता पोशाख करावा या वादात 1966 साली मोडला.

हे मी त्याला लहान करण्यासाठी सांगत नाही. पुतळ्याकडून शिकता येत नाही, माणसाकडून येते. बाबासाहेबांनी 1946 साली डॉ. ड्यु बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याची चौकशी केली होती. 1972 साली आपल्या तरुणांनी दलित पँथर हे नाव तिकडच्याच चळवळीवरून घेतले. तेव्हा त्यांच्या यशाप्रमाणे त्यांच्या ठेचाही आपल्या उपयोगी पडाव्यात.

म्हणून माझी आपणास तीन गोष्टींची विनंती आहे. गट बदलला म्हणून जुना सहकारी वैरी ठरवू नका. आपल्या चळवळीत फाटाफूट थोडी झालेली नाही. 'तू खरा बौद्ध नाहीस' हा शब्द आपल्याच भावावर दगडासारखा फेकू नका. आणि घरातील स्त्रीला दीक्षेची आज्ञा करू नका. राज्यघटनेच्या कलम 25 ने सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य प्रत्येक व्यक्तीस दिले आहे. ते कुटुंबप्रमुखाच्या हाती सोपविलेले नाही. तिने स्वतः समजून उच्चारलेल्या प्रतिज्ञाच तिच्या होत.

6 डिसेंबरला आपणही चार जण एकत्र बसून बाबासाहेबांच्या आठवणी काढतो. जरूर काढाव्यात. मात्र त्यांची थोरवी सांगताना महाड येथे सत्याग्रहींनी खाल्लेला मारही मुलांना सांगा. आणि कोणी विचारले, 'मूळचे कोण?' तर मान वर करून उत्तर द्या: मूळचे माणूस, निवडीने बौद्ध.

जयभीम!